पिझ्झ्यातल्या पाण्याचा हिशोब

मे महिन्याच्या सुट्टीत भाची सोलापूरला आली की मामाने स्वतःच्या हाताने काहीतरी करून खायला घालायचं, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. यंदा फर्माईश होती टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन धाटणीच्या पिझ्झाची: राजमा, मका, ढोबळी मिरची आणि वर भरपूर चीज. पहिल्या रात्री मी उत्साहात बाजारचा तयार बेस आणला, टोमॅटो-कांदा बारीक चिरून साल्सा केला, तो सढळ हाताने पसरला, वर राजमा, मका, चीज. ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा दिसायला देखणा होता. पण त्रिकोण कापून उचलला आणि त्याने मान टाकली. वरचा सगळा माल ताटात. भाची म्हणाली, "मामा, ही पावभाजी झाली. फक्त पाव खाली गेलाय." आईने काही न बोलता कडक भाकरीचा डबा तिच्यापुढे सरकवला.

त्या डब्यातल्या भाकऱ्या दहा-बारा दिवसांपूर्वीच्या होत्या आणि अजून कटकन मोडत होत्या. माझा पिझ्झा दोन मिनिटांत लगदा झाला होता. फरक कशाचा, तर पाण्याचा. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं, ढोबळी मिरचीत ९२ च्या आसपास, कांद्यात ८८-८९. मोझरेला चीजसुद्धा जवळजवळ निम्मं पाणीच. बेसच्या कणकेतलं पाणी वेगळं. कडक भाकरी मात्र तव्यावर भाजून झाल्यावर मंद आचेवर पार वाळेपर्यंत ठेवलेली असते. तिच्यातला स्टार्च काचेसारखा कडक अवस्थेत असतो. दमट हवेत उघडी ठेवली की पाण्याचे रेणू स्टार्चच्या साखळ्यांमध्ये वंगणासारखे शिरतात आणि ती सादळते. म्हणून डब्याचं झाकण घट्ट.

हे पाणी घरच्या ओव्हनमध्ये का आटत नाही, तेही पाहू. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. जोवर एखाद्या भागात मोकळं पाणी आहे, तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर सरकतच नाही. आणि खरपूस रंग, भाजल्याचा वास ज्या अभिक्रियेमुळे येतो, ती १४० अंशांच्या आसपास खरी वेग घेते. साखर आणि अमिनो आम्लांमधली ही अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार याने १९१२ मध्ये मांडली. ओल्या पिझ्झ्याचा पृष्ठभाग तिथवर पोहोचेपर्यंत बाकीचं सगळं वाळून जातं.

लाकडाच्या भट्टीत ही अडचण येत नाही, कारण तिथे ४५० अंश असतात. आपला ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, २५० ला थांबतो. फरक २०० अंशांचा दिसतो, पण तापलेल्या पृष्ठभागाने फेकलेली उष्णता निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंश अधिक २७३, म्हणजे केल्विन) चौथ्या घाताने वाढते. ७२३ केल्विन आणि ५२३ केल्विन यांचं गुणोत्तर चार वेळा गुणून पाहा: भट्टी साडेतीन पटीहून जास्त उष्णता फेकते. तिथे दीड-दोन मिनिटांत काम तमाम. आपल्याकडे बारा-पंधरा मिनिटं, आणि तेवढ्या वेळात भाज्यांचं पाणी निवांत खाली झिरपतं.

मग दुसऱ्या रात्री मी पिझ्झा नव्याने मांडला. साल्सा बेसवरून हद्दपार. त्याच्या जागी राजम्याची घोटलेली पेस्ट, जी टेक्स-मेक्स स्वयंपाकात पावलोपावली भेटते.

इथे थोडं विषयांतर. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोत होतं, त्यामुळे तिथल्या मेक्सिकन कुटुंबांच्या चुलीला अमेरिकन पिवळं चीज, गोमांस आणि गव्हाचं पीठ मिळालं आणि एक तिसरंच जेवण तयार झालं. सॅन अँटोनियोच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायका संध्याकाळी चिलीच्या, म्हणजे मांसाच्या तिखट रश्शाच्या, हंड्या घेऊन बसत. या जेवणाची खूण म्हणजे जिरं. मूळ मेक्सिकन स्वयंपाकात जिरं बेताने येतं, टेक्सासच्या बाजूला मूठभर. सोलापूरकराला हा वास परका वाटायचं कारण नाही. उलट मिरची, टोमॅटो, मका, राजमा आणि आपला शेंगदाणासुद्धा अमेरिका खंडातून इकडे आलेला. शेंगा चटणीतून लसूण, जिरं आणि मीठ बाजूला केलं तर उरतं ते सगळं तिकडचं. मेक्सिकोत व्हेराक्रूझ भागात साल्सा माचा नावाचा प्रकार करतात: वाळक्या मिरच्या, शेंगदाणे, लसूण, तेल. आमच्या उखळातली चटणी जरा जास्त तेलात सोडली तर भाऊ-भाऊच.

परत राजम्याकडे. शिजलेल्या राजम्यात पाणी नाही असं नाही, साठ टक्क्यांच्या पुढे असतं. पण ते मोकळं नसतं. फुगलेल्या स्टार्चच्या कणांत आणि प्रथिनांच्या जाळ्यात ते अडकलेलं असतं, त्यामुळे बेसमध्ये झिरपत नाही. वर थोडं तेल घालून घोटलं की तो थर रंगाच्या हातासारखा बसतो, आणि वरून भाज्यांचं पाणी आलंच तर तो अडवूनही धरतो.

मात्र राजमा शिजवणं हे सोलापुरात वेगळं प्रकरण आहे. आमच्या बोअरचं पाणी जड, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरणारं. त्यातलं कॅल्शियम कडधान्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. चार शिट्ट्यांनी होणारा राजमा दहा शिट्ट्यांनीही दाताखाली येतो. यावर उपाय आहे तो आपल्या समजुतीच्या उलटा. मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही, असं आपण ऐकत आलो. पण भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे दोन-तीन चमचे मीठ घातलं तर सोडियम हळूहळू सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं. चिमूटभर सोडाही हेच काम करतो, पण जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं. टोमॅटो, लिंबू, चिंच मात्र राजमा पूर्ण शिजल्यावरच, कारण आम्लात पेक्टिन विरघळायला कुरकुरतं.

एका बाबतीत मी हट्टी आहे. अर्धकच्चा राजमा पोटात जाऊ द्यायचा नाही. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा एक ते तीन तासांत उलट्या सुरू करायला पुरतात. ७५-८० अंशांवर रेंगाळत शिजवला तर त्रास कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. खळखळती उकळी किमान दहा मिनिटं हवी, अर्धा तास असेल तर निर्धास्त. आपला कुकर शिट्टीच्या दाबाखाली १२० अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे भारतीय घरांत हा प्रश्न सहसा उभाच राहत नाही. 'स्लो कुकर' घेऊन ठेवलेल्यांनी लक्षात ठेवावं.

पेस्टसाठी: १५० ग्रॅम राजमा शिजवून, तेलात जिरं, ठेचलेला लसूण, कांदा परतून, ब्याडगीचं तिखट घालून घोटायचा. पळीवरून सहज ओघळत असेल तर अजून आटवा. चुलाण्यावरच्या पिठल्याइतका घट्ट हवा.

आता बेस. मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही दोन प्रथिनं पाण्याने एकत्र येऊन ग्लुटेनचं रबरी जाळं विणतात आणि यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात अडकतो. ज्वारीत हे जाळं होत नाही. म्हणून तर भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते, आणि पीठ जुनं असेल तर उकळत्या पाण्यात मळावं लागतं. उकळत्या पाण्याने स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनची उणीव थोडी भरून काढतो. मी २५० ग्रॅम मैद्याला ५० ग्रॅम मंगळवेढ्याच्या मालदांडीचं पीठ घेतलं, ज्वारीच्या पिठावर ७५ मिली उकळतं पाणी ओतून उकड केली, थंड झाल्यावर मैदा, ६ ग्रॅम मीठ, साधारण १२० मिली गार पाणी आणि एक ग्रॅम कोरडं यीस्ट. यापेक्षा जास्त ज्वारी घालून पाहिली, बेस ओढताना फाटला.

मेक्सिकोत मक्याला हीच अडचण आहे, तिथे तोडगा चुन्याचा. वाळका मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात बांधलेलं नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) शरीराला मिळू लागतं. मका जगभर गेला, पण चुन्याची रीत बरोबर गेली नाही. त्यामुळे युरोप आणि अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा रोगाने गाठलं. आपल्या दख्खनमध्ये हाच रोग ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसला. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या जास्तीच्या ल्यूसीन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्या कारणावर पुढे वाद झाले. भाकरीसोबत डाळ, दूध, भाजी असेल तर मात्र हा रोग फिरकत नाही.

मे महिन्यात यीस्टवर नजर ठेवावी लागते. आमच्या स्वयंपाकघरात दुपारी ३८ अंश असतात, यीस्टची चंगळ. पाककृतीत दीड तास लिहिलेली कणीक पाऊण तासात भांड्याबाहेर आली आणि दारूसारखा वास मारू लागली. तेव्हापासून फ्रिजमधलं पाणी, कमी यीस्ट, आणि मळून झाल्यावर रात्रभर फ्रिजमध्येच. गारव्यात यीस्ट पेंगतं, पण पिठातली विकरं स्टार्चची साखर करत राहतात. दुसऱ्या दिवशी तीच साखर बेसला तांबूस रंग देते.

आणि भट्टीची उणीव भरून काढली भाकरीच्या तव्याने. भट्टीची फरशी विटेची असते. वीट उष्णता हळू सोडते, म्हणून तिच्यावर ४५० अंशांतही पिझ्झा करपत नाही. लोखंड तीच उष्णता झपाट्याने देतं, त्यामुळे २५० अंशांचा जाड बिडाचा तवा खालून जवळपास तेच काम करतो. तवा मोठ्या गॅसवर पाच-सहा मिनिटं तापवायचा, पाण्याचा थेंब नाचायला लागला की बेस टाकायचा. दीड मिनिटात फुगे येतात, खाली काळे-तपकिरी ठिपके उमटतात. तेवढ्यात वर पेस्ट, चीज, आधीच कोरड्या तव्यावर भाजून घेतलेला मका आणि ढोबळी मिरची. मग तवाच उचलून ओटीजीत, वरचा रॉड पूर्ण लाल. प्लास्टिकच्या मुठीचा तवा अर्थातच चालणार नाही. चार-पाच मिनिटांत खेळ संपतो. ओटीजी नसेल तर झाकण ठेवून मंद गॅसवर चीज वितळवा, पण शेवटचा मिनिट झाकण काढा, नाहीतर त्याच्या आतून टपकणारी वाफ सगळ्यावर पाणी फिरवेल. अक्षरशः.

चीजबद्दल थोडक्यात. मोझरेलामध्ये कॅल्शियमने बांधलेले केसीन या दुधातल्या प्रथिनाचे धागे असतात, म्हणून तार सुटते. आपल्या प्रोसेस्ड चीजच्या क्यूबमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. ते कॅल्शियम पकडून ठेवतात, त्यामुळे चीज गुळगुळीत वितळतं, तेल सुटत नाही आणि तारही येत नाही. टेक्सासचा केसो, म्हणजे वितळलेल्या चीजचा सॉस, अशाच चीजवर उभा आहे, तेव्हा त्याला नाकं मुरडू नका. मी दोन भाग मोझरेला, एक भाग क्यूब किसून घेतो. पनीर कितीही तापवलं तरी वितळत नाही.

शेवटी वरून शेंगा चटणी, पण पिझ्झा बाहेर काढल्यावर. ओव्हनमध्ये तिच्यातला लसूण करपतो. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, आणि शेंगदाण्यात निम्मं तेलच असल्यामुळे ते जिभेवर पसरून बसतं. जिभेवर त्याला ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे मज्जातंतूंवरचं संवेदना टिपणारं प्रथिन) म्हणजे टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासह नोबेल मिळालं. हाच ग्राहक ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनेही जागा होतो, म्हणून मेंदूला तिखट आणि गरम यांत फरक करता येत नाही. त्या दिवशी दुपारी पारा ४३ लाच टेकला होता. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सोलापूर आख्खंच तिखट आहे." पाणी पिऊन आग विझत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही किंवा चीज घ्या, त्यातलं केसीन ते धुऊन नेतं.

हद्दपार केलेला साल्सा मी वाटीत दिला. चिरून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवला, सुटलेलं पाणी पिळून काढलं, वर लिंबू-कोथिंबीर. आणि टोर्टिया चिप्सच्या जागी कडक भाकरी चुरून पिझ्झ्यावर, ताटात वाढताना. आधी घातली असती तर सादळली असती.

एक तुकडा उरला, तो फ्रिजमध्ये गेला. फ्रिजच्या तापमानाला स्टार्चच्या साखळ्या पुन्हा ओळीने बसून स्फटिक बनवतात, त्यामुळे पाव-पिझ्झा बाहेरच्यापेक्षा तिथे लवकर निबर होतो. साधारण ६० अंशांच्या वर नेलं की ते स्फटिक मोडतात, म्हणून सकाळी तव्यावर झाकण न ठेवता गरम करायचा माझा बेत होता. तवा तापेपर्यंत आईने तो तुकडा शिळ्या भाकरीसारखा कुस्करला, त्यावर दही आणि चटणी घातली आणि खायला बसली. भाचीने कपाळावर हात मारला. मग चमचा घेऊन आज्जीच्या शेजारी जाऊन बसली.