वाहिनीच्या कार्यालयावर हल्ला झाला तर: पत्रकार संरक्षण कायद्याखाली तक्रार, पात्रता आणि कागदपत्रं

काचा आवरू नका. जमाव तोडफोड करून निघून गेला की पहिली ओढ असते ती झाडून-पुसून पुढचं बातमीपत्र वेळेवर लावण्याची. स्थानिक वाहिनीत काम केलेल्या प्रत्येकाला ती ओढ कळते, मलाही कळते. पण पंचनाम्याआधी स्टुडिओ आवरला, तर पुढे न्यायालयात नुकसान दाखवायला हाती फारसं काही उरत नाही.

20 नोव्हेंबर 2009 रोजी मुंबईत विक्रोळीला आयबीएन लोकमतच्या कार्यालयात जमाव घुसला आणि त्याने तोडफोड केली. असे हल्ले आधीही झाले होते, नंतरही होत राहिले. पत्रकार हल्ला विरोधी कृती समितीने कायद्याची मागणी अनेक वर्षं लावून धरली आणि 7 एप्रिल 2017 रोजी विधिमंडळात विधेयक मंजूर झालं. राष्ट्रपतींची संमती मिळायला 2019 साल उजाडलं. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. सोयीसाठी सगळे याला पत्रकार संरक्षण कायदा म्हणतात, पण फिर्यादीत पूर्ण नाव लागतं: महाराष्ट्र प्रसारमाध्यमातील व्यक्ती आणि प्रसारमाध्यम संस्था (हिंसक कृत्ये व मालमत्तेचे नुकसान किंवा हानी यांस प्रतिबंध) अधिनियम, 2017. हे नाव कागदावर लिहून न्यूजरूमच्या भिंतीवर लावून ठेवा. ठाणे अंमलदाराला ते पाठ असेलच असं नाही.

हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. आयुक्तालयाच्या हद्दीत तो सहायक आयुक्त करतात. आरोपीला शिक्षेखेरीज मालमत्तेची भरपाई आणि जखमीच्या औषधोपचाराचा खर्चही द्यावा लागतो. त्याने तो दिला नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

कोणाला लागू होतो

संस्था म्हणजे नोंदणीकृत वृत्तपत्र, नोंदणीकृत वृत्तवाहिनी, बातम्या देणारी इलेक्ट्रॉनिक माध्यमसंस्था किंवा वृत्तकेंद्र. व्यक्ती म्हणजे पत्रकारिता हाच जिचा मुख्य व्यवसाय आहे आणि जी अशा संस्थेत नियमित किंवा कंत्राटी कामावर आहे, अशी: संपादक, उपसंपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, दूरचित्रवाणीचा कॅमेरामन वगैरे. केवळ व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारे यात येत नाहीत. म्हणजे स्वागतकक्षातल्या मुलीला किंवा गाडीच्या चालकाला मार बसला, तर त्यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेची दुखापतीची कलमं त्याच फिर्यादीत वेगळी लावून घ्यावी लागतात. हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही आणि तीच माणसं दारात सगळ्यात पुढे असतात.

‘नोंदणीकृत’ हा शब्द लहान वाहिन्यांनी नीट वाचायला हवा. उपग्रह वाहिनी असेल, तर माहिती व प्रसारण मंत्रालयाचं परवानगीपत्र असतंच. अडचण येते ती केबलवरच्या शहर-वाहिनीची. एमएसओच्या, म्हणजे स्थानिक केबलचालकांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या केबल पुरवठादाराच्या, जाळ्यावर चालणाऱ्या स्थानिक कार्यक्रमांच्या वाहिनीला सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सेवा’ म्हणतात. 30 नोव्हेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एमएसओने प्रत्येक अशा वाहिनीची मंत्रालयाकडे ऑनलाइन नोंदणी करायची असते. शुल्क एकदाच, वाहिनीमागे 1,000 रुपये. स्थानिक बातम्या दाखवायच्या असतील, तर तो एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला असावा लागतो. तुमची वाहिनी त्या नोंदणीत आहे का, हे एमएसओकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो, केलंय’ यावर राहू नका.

स्ट्रिंगरचं, म्हणजे मानधनावर बातम्या पाठवणाऱ्या बाहेरच्या वार्ताहराचं, दुखणं याहून मोठं. तालुक्याला बूम (वाहिनीचा माइक) घेऊन सगळ्यात आधी पोचणारा, मार खाणाराही तोच, आणि त्याच्याकडे नेमणुकीचा कागद नसतो. एका स्ट्रिंगरला मारहाण झाली तेव्हा मी त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात बसलो होतो. पहिलाच प्रश्न आला, ‘तुम्ही या चॅनलचे कशावरून?’ वाहिनीने फोनवर ‘आमचाच आहे’ एवढंच सांगितलं. विशेष कायदा त्या रात्री लागला नाही. पान-दीड पानाचा करार आणि मानधन खात्यात जमा झाल्याच्या नोंदी, एवढ्यावर हे टळलं असतं. त्याचा सुजलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

आधीच तयार ठेवायची फाइल

या फाइलमध्ये संस्थेच्या नोंदणीची किंवा परवानगीची प्रत, सगळ्यांची नेमणूकपत्रं वा करार आणि ओळखपत्रांच्या प्रती ठेवा. यंत्रसामग्रीच्या यादीत कॅमेरा, लेन्स, स्विचर, सर्व्हर, दिवे, प्रत्येकाचा अनुक्रमांक, खरेदीचं बिल आणि एक फोटो हवा. भाड्याने आणलेल्या वस्तूंचे करारही त्यातच लावा. या फाइलची एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवा. कार्यालयच फोडलं, तर आतली फाइल वाचेलच असं नाही.

आणखी एक वही रोज भरायची: कोण, कुठे, कोणत्या बातमीसाठी, किती वाजता गेलं. कायद्याचं संरक्षण कर्तव्य बजावताना झालेल्या हिंसेला आहे. ‘तो तिथे खाजगी कामाने आला होता’ हा बचाव ठरलेला असतो आणि त्याला उत्तर ही वही देते. वहीचा कंटाळा येतो हे खरं, पण व्हॉट्सॲप गटावर टाकलेला संदेशही नोंदच असतो. तो फक्त पुसू नका.

हल्ल्यानंतर

आधी जखमींना सरकारी रुग्णालयात न्या आणि मारहाण झाल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवायचं वैद्यकीय प्रकरण) अशी नोंद होते. 112 वर फोन करा. पोलीस येईपर्यंत प्रत्येक खोलीचं मोबाइलवर चित्रीकरण करा, वस्तू जागच्या हलवू नका. पंचनाम्यात तुमच्या यादीतले अनुक्रमांक नोंदवून घ्या. ‘संगणक साहित्याचे नुकसान’ अशी मोघम ओळ भरपाईच्या वेळी उपयोगाला येत नाही.

फिर्यादीत वेळ, ठिकाण, हल्लेखोरांची माहीत असतील ती नावं किंवा वर्णन, कोणत्या बातमीवरून राग होता, ते काय बोलले आणि कायद्याचं पूर्ण नाव लिहा. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नकार मिळाला, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. तिथेही काही झालं नाही, तर कलम 175(3) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

सीसीटीव्हीकडे त्याच दिवशी बघा. डिस्क भरली की डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहितो. चित्रण पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा भाग ‘अ’ यंत्र सांभाळणाऱ्याने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा संगणकीय ठसा, लिहायची असते. म्हणून मूळ फाइल कापू-जोडू नका. बातमीसाठी वेगळी प्रत घ्या.

खोटी तक्रार करणाऱ्यालाही या कायद्यात शिक्षा आहे. तेव्हा रागाच्या भरात न फुटलेला कॅमेरा यादीत घालू नका.

नुसती धमकी आली असेल, तर हा विशेष कायदा बहुधा लागत नाही. धमकी न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये येते आणि अनेकदा अदखलपात्र नोंदीवर थांबते. तरीही ती नोंद कराच. फोनचं रेकॉर्डिंग, स्क्रीनशॉट आणि त्या बातमीची तारीख जोडून पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे संरक्षणासाठी लेखी अर्ज द्या. पुढे धोक्याचा आढावा घेताना आधीच्या नोंदीच पाहिल्या जातात.

उपचाराच्या खर्चासाठी आरोपीकडून वसुली होईपर्यंत थांबणं घराला परवडत नाही. केंद्राच्या पत्रकार कल्याण योजनेत अपघातातल्या दुखापतीने रुग्णालयात राहावं लागल्यास 2 लाखांपर्यंत, गंभीर आजारात 3 लाखांपर्यंत, तर कायमचं अपंगत्व आल्यास किंवा मृत्यू झाल्यास कुटुंबाला 5 लाखांपर्यंत मदत मिळते. अर्ज पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून करायचा. अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून सरकारी मान्यता) नसली, तरी सलग किमान 5 वर्षं पत्रकारिता केल्याचा पुरावा दिला की अर्ज करता येतो. स्ट्रिंगरचा करार आणि मानधनाच्या नोंदी इथेही जोडायच्या. राज्याच्या शंकरराव चव्हाण सुवर्ण महोत्सवी पत्रकार कल्याण निधीसाठी जिल्हा माहिती अधिकाऱ्यांना भेटा.