दुधीची कळी का गळते?

परसात पहिल्यांदाच दुधी लावला की अनेकांना एकच अडचण येते. वेल मांडवभर पसरतो, फुलंही भरपूर येतात, पण बोटाएवढी झालेली कळी, म्हणजे कोवळा दुधी, पिवळी पडून गळते. मग खत वाढवलं जातं, पाणी वाढवलं जातं आणि गळ काही थांबत नाही. कारण बहुतेक वेळा दोष परागीभवनात असतो.

दुधीची नर आणि मादी फुलं वेगळी, पण एकाच वेलावर येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असतं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली लव असलेला इवलासा दुधी आधीपासूनच दिसतो, ते अंडाशय. पराग पोचला नाही तर आत बी धरत नाही, आणि गर वाढवणारी संप्रेरकं मुख्यतः वाढत्या बियांतूनच येतात. ती नसली की काही दिवसांत वेल ते फळ टाकून देतो. पराग अपुरा पडला तर बी एका बाजूलाच धरतं आणि फळ वाकडं होतं.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे मधमाश्यांपेक्षा त्याची भिस्त संध्याकाळच्या पतंगांवर असते. शहरी वस्तीत ते पुरेसे येतीलच असं नाही. अशा वेळी हे काम आपण करावं. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या जाडसर कुक्षीवर, म्हणजे पराग धरणाऱ्या भागावर, सगळीकडून हलकेच फिरवा. दोडक्यालाही संध्याकाळचीच वेळ. त्याचंच भावंड असलेलं घोसाळं मात्र पहाटे-सकाळी उमलतं; काकडी, कारली आणि लाल भोपळाही सकाळीच.

सुरुवातीला फक्त नर फुलं येतात, त्यात काळजीचं काही नाही. मादी फुलं मुख्य खोडापेक्षा बगलफुटींवर, म्हणजे बाजूच्या फांद्यांवर, जास्त येतात, म्हणून वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडावा. युरियाचा मारा मात्र टाळा: नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि मादी फुलं लांबतात.

लागवडीसाठी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घालून तो भरा. बी रात्रभर भिजवून साधारण 2 सेंटिमीटर खोल, तीन-तीन टोबा. उगवल्यावर जोमदार रोप एकच ठेवा. लागवड जानेवारी-फेब्रुवारीत किंवा जून-जुलैत.

कळीवर टोचल्याची खूण आणि डिंकासारखा थेंब दिसला तर ते काम फळमाशीचं. आत अळ्या असतात. असं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवा. फळ धरल्याची खात्री झाली की त्याला कागदी पिशवी बांधली तर माशीला अंडी घालता येत नाहीत.

फूल फळल्यापासून साधारण 12 ते 15 दिवसांत दुधी काढणीला येतो. सालीवर लव असावी, नख सहज रुतावं. चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या: त्यातली क्युकरबिटासिन ही कडू, विषारी द्रव्यं शिजवूनही जात नाहीत, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याची उदाहरणं भारतात आहेत.