शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्ट

शस्त्रक्रियेच्या ठरावीक टप्प्यांवर सगळ्या चमूने हातातले काम थांबवून मोठ्याने पडताळायची छोटी यादी म्हणजे सुरक्षा चेकलिस्ट. रुग्णाची अदलाबदल, उजव्याऐवजी डाव्या बाजूची शस्त्रक्रिया, वेळेवर न दिलेले प्रतिजैविक, पोटात राहिलेला मॉप (रक्त टिपायचा कापडी तुकडा) अशा टाळता येण्याजोग्या चुका पकडणे हा तिचा हेतू. या चुका बहुधा अज्ञानातून होत नाहीत. माहीत असलेली गोष्ट घाईत राहून जाते, किंवा ती दुसऱ्या कोणीतरी केली असेल असे प्रत्येकजण धरून चालतो.

ही पद्धत वैमानिकांकडून आली. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचे एक नवे विमान चाचणीच्या वेळी कोसळले, कारण नियंत्रणपट्ट्यांचा लॉक काढायचा राहिला होता. त्यानंतर वैमानिकांसाठी याद्या तयार झाल्या. शस्त्रक्रियागृहासाठीची सर्वात प्रसिद्ध यादी जागतिक आरोग्य संघटनेने जून २००८ मध्ये जाहीर केली. शल्यचिकित्सक अतुल गवांदे त्या कामाचे प्रमुख होते.

यादीत १९ मुद्दे आणि तीन थांबे आहेत. भूल देण्यापूर्वी रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा आणि संमती यांची खात्री करतात. ॲलर्जी, श्वासमार्गातील अडचण आणि ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्रावाची शक्यता विचारतात. पल्स ऑक्सिमीटर लावलेला आणि चालू असावा लागतो. दुसरा थांबा छेद घेण्यापूर्वीचा, म्हणजे ‘टाइम आउट’. येथे प्रत्येकजण आपले नाव आणि काम सांगतो. हा मुद्दा अनेकांना निव्वळ औपचारिकता वाटतो, पण सुरुवातीलाच एकदा बोललेली व्यक्ती पुढे काही खटकले तर बोलायला कमी कचरते. प्रतिजैविक गेल्या ६० मिनिटांत दिले का, हेही याच वेळी विचारतात. छेद घेताना ऊतींमध्ये औषधाची पुरेशी मात्रा असावी लागते; फार आधी किंवा छेदानंतर दिलेल्या डोसाचा तितका उपयोग होत नाही.

तिसरा थांबा रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर जाण्यापूर्वीचा. मॉप, सुया आणि उपकरणे यांची मोजणी जुळली, असे परिचारिका तोंडी सांगते. रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांच्या वळ्यांत सहज दिसत नाही, म्हणून नजरेपेक्षा आकड्यावर भिस्त ठेवतात. आकडा जुळला नाही तर शोध सुरू होतो, गरज पडली तर एक्स-रे काढतात. तपासणीसाठी पाठवायच्या नमुन्यावरचे लेबल रुग्णाच्या नावासह वाचले जाते.

दिल्ली, टोरांटो, मनिला, लंडन, तसेच टांझानियातील इफाकारा धरून आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. अभ्यास आधी-नंतरच्या तुलनेचा असल्याने सगळे श्रेय यादीला देता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात यादी सरसकट लागू झाल्यावर मृत्यू किंवा गुंतागुंतीत लक्षणीय घट आढळली नाही. तो अभ्यास २०१४ चा. उलट नॉर्वेत यादी टप्प्याटप्प्याने लागू करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत (जिथे यादी कुठे आधी लागू करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात) गुंतागुंत १९.९ वरून ११.५ टक्क्यांवर आली.

हा फरक मुख्यतः यादी कशी राबवली जाते यातून येत असावा. शस्त्रक्रिया संपल्यावर एकाच व्यक्तीने सगळ्या चौकटींत भराभर टिक केले, तर कागद पूर्ण होतो, पण कोणी कोणाला काही विचारलेले नसते. म्हणून यादी चालवण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे, बहुधा टेबलाबाहेरची कामे पाहणाऱ्या परिचारिकेकडे द्यावी, असे संघटना सुचवते. एखादा मुद्दा पूर्ण होईपर्यंत चमूला पुढच्या टप्प्यावर जाऊ न देण्याचा अधिकारही तिला असावा लागतो, मग वरिष्ठ शल्यचिकित्सकाची नाराजी ओढवली तरी.