थेट दूरचित्रवाणी स्ट्रीमिंग सेवा

घरात केबल किंवा डिश न घेता, इंटरनेटवरून दूरचित्रवाहिन्या चालू वेळेतच दाखवणारी मासिक वर्गणीची सेवा. नेटफ्लिक्ससारख्या सेवेत मालिका-चित्रपटांचा साठा असतो आणि त्यातले हवे ते हवे तेव्हा लावता येते. इथे वाहिनीवर त्या क्षणी जे चालू असेल तेच पडद्यावर येते, तेही जाहिरातींसकट. बातम्या आणि सामने ज्यांना ताजेच लागतात त्यांच्यासाठी ही सेवा आहे. नुसत्या मालिका पाहणाऱ्याला तिची गरज सहसा पडत नाही. युरोपात स्वित्झर्लंडच्या झाटूने २००६ मध्येच असा प्रयोग सुरू केला होता, पण केबलला पर्याय म्हणून ही सेवा ठळकपणे उभी राहिली ती अमेरिकेत. म्हणून खालची बहुतेक उदाहरणे, दर आणि कायदे तिथले आहेत.

तिथली सुरुवात कोर्टकचेरीतून झाली असे म्हणायला हरकत नाही. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये एरिओ ही कंपनी निघाली. हवेतून फुकट मिळणाऱ्या वाहिन्या पकडण्यासाठी तिने प्रत्येक ग्राहकामागे एकेक इवलासा अँटेना बसवला आणि पकडलेले चित्र इंटरनेटवरून त्या ग्राहकाला पाठवले. आम्ही फक्त अँटेना भाड्याने देतो, असा तिचा दावा होता. वाहिन्या न्यायालयात गेल्या आणि २५ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी एरिओच्या विरोधात निकाल दिला. काही महिन्यांतच कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. वाहिनी दाखवायची तर तिच्या मालकाशी करार करायचा आणि त्याला पैसे मोजायचे, हे यातून पक्के झाले. पुढे या धंद्यात जे काही घडले त्याचे मूळ याच करारांत आहे.

डिश नेटवर्क या उपग्रह टीव्ही कंपनीची स्लिंग टीव्ही २०१५ च्या फेब्रुवारीत महिना २० डॉलरला सुरू झाली. पाठोपाठ सोनीची प्लेस्टेशन व्ह्यू आली आणि २०२० च्या जानेवारीत बंदही पडली. २०१७ च्या एप्रिलमध्ये यूट्यूब टीव्ही आणि मे महिन्यात हुलूची थेट सेवा बाजारात उतरली. फुबो आधी फुटबॉलपुरती होती, नंतर तिने इतर वाहिन्याही घेतल्या. फिलोने खेळ पूर्णपणे वगळून दर खाली ठेवला. अमेरिकेत वाहिन्यांच्या खर्चात खेळ किती भारी पडतो, ते फिलोच्या दरावरून चटकन लक्षात येते.

स्वस्ताईचा काळ फार टिकला नाही. यूट्यूब टीव्ही ३५ डॉलरला सुरू झाली, २०१९ मध्ये ५० वर गेली, २०२० मध्ये ६५ वर आणि २०२५ च्या जानेवारीपासून ८२.९९ डॉलरवर. यामागे तांत्रिक कारण कमीच. मोठे प्रसारक आपल्या वाहिन्या गठ्ठ्याने विकतात. लोकांना हवी असलेली क्रीडावाहिनी घ्यायची तर तिच्याबरोबर फारसे कोणी पाहत नाही अशा चार वाहिन्याही घ्याव्या लागतात. केबल कंपन्या या गठ्ठ्याखाली दबल्या होत्या आणि त्यांची जागा घ्यायला आलेल्या सेवाही तोच गठ्ठा उचलून बसल्या. करार संपताना दराची घासाघीस फिसकटली की वाहिन्या रातोरात गायब होतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर डिस्नेच्या वाहिन्या, त्यांत ईएसपीएन ही क्रीडावाहिनी आणि एबीसीही, यूट्यूब टीव्हीवरून गेल्या आणि सुमारे दोन आठवड्यांनी परतल्या. मधल्या काळात अमेरिकन फुटबॉलचा हंगाम ऐन भरात होता.

कोण किती पाहते याच्या मापनातही केबलशी असलेले हे नाते सुटलेले नाही. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत स्ट्रीमिंगवरचे पाहणे प्रसारण आणि केबल या दोहोंच्या बेरजेपेक्षा प्रथमच जास्त भरले. मात्र यूट्यूब टीव्हीसारख्या सेवेवर कोणी वाहिनी पाहिली तर ती वेळ नील्सन स्ट्रीमिंगच्या नव्हे, प्रसारण किंवा केबलच्या खात्यात धरते. हिशेब बरोबरच आहे, कारण बदलली ती फक्त तार.

ती तार मात्र अगदी वेगळ्या रीतीने काम करते. केबलमध्ये एकच संकेत सगळ्या घरांत एकदम जातो; पाहणारे दहा असोत की दहा लाख, ओझे तेवढेच. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक पडद्याला स्वतंत्र प्रवाह पुरवावा लागतो. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रतींत तयार ठेवतात. घरातले उपकरण इंटरनेटचा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवते. ॲपलची एचएलएस ही पद्धत २००९ पासून आणि डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ पासून वापरात आहे. चित्र मध्येच धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होते ते या अदलाबदलीमुळे. त्याला बिघाड समजून रिमोट आपटण्यात अर्थ नाही. अदलाबदल झाली नसती तर चित्र थांबून गोल चक्र फिरत बसले असते.

तुकडे बनवणे, वाटणे आणि उपकरणात थोडे साठवून ठेवणे यात वेळ जातो. त्यामुळे थेट म्हणवणारे चित्र मैदानावरच्या क्षणापेक्षा बऱ्याचदा अर्धा मिनिट किंवा त्याहूनही मागे असते. शेजारी अँटेनावर तोच सामना चालू असेल तर भिंतीपलीकडून आरोळी आधी ऐकू येते आणि आपल्या पडद्यावर खेळाडू अजून चेंडू घेऊन मध्यरेषेवरच असतो. मोबाइलवर गुणफलकाच्या सूचना चालू असतील तर तोही आधी बातमी फोडतो. सामना पाहताना या सूचना बंद ठेवणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय.

डेटाचा हिशेब आधीच करावा. एचडी चित्राला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सव्वादोन गिगाबाइट. रोज सहा तास टीव्ही चालला तर महिन्याला ४०० गिगाबाइटच्या आसपास होतात. घरात दोन पडदे असतील तर आकडा दुप्पट. केबलवर टीव्ही नुसता चालू सोडून स्वयंपाकघरात गेले तरी काही बिघडत नसे. इथे रिकाम्या खोलीत चाललेली वाहिनीही डेटा खात राहते. बऱ्याच ॲपमध्ये काही तासांनी ‘अजून पाहत आहात का?’ असा प्रश्न येतो, त्याचे एक कारण हेच. ज्या इंटरनेट जोडणीवर महिन्याची मर्यादा असते तिथे ही गोष्ट थेट बिलात दिसते.

सेवा निवडताना वाहिन्यांची संख्या बघणे ही नेहमीची चूक. शंभर वाहिन्यांतल्या ऐंशी कधीच लावल्या जात नाहीत. त्यापेक्षा गेल्या महिन्यात घरात खरोखर काय पाहिले याची यादी करावी आणि ती सेवेच्या यादीशी ताडून पाहावी, तीही आपला पोस्टल कोड टाकून. अमेरिकेत स्थानिक वाहिन्या भागाप्रमाणे बदलतात. एका शहरात मिळणारी वाहिनी दुसरीकडे त्याच सेवेवर नसू शकते. खेळाचे प्रकरण आणखी किचकट आहे. एखाद्या संघाचे सामने त्याच्याच शहरात प्रादेशिक क्रीडावाहिनीकडे राखून ठेवलेले असतात. ती वाहिनी सेवेकडे नसेल तर घरच्या संघाचाच सामना दिसत नाही, दूरच्या संघांचे मात्र दिसतात. स्थानिक वाहिन्यांसाठीच वर्गणी भरायची वेळ येत असेल तर आधी छतावर किंवा खिडकीत अँटेना लावून पाहावा. तो एकदा घेतला की महिन्याचा खर्च शून्य.

एका वेळी किती पडदे चालतात हेही नीट तपासावे. यूट्यूब टीव्हीच्या मूळ वर्गणीत तीन चालतात, स्लिंगच्या ऑरेंज पॅकेजमध्ये एकच. सेवा घरापुरती असते आणि ती घर ओळखते इंटरनेट जोडणी व ठिकाण यांवरून. प्रवासात असताना आपल्या गावच्या स्थानिक वाहिन्यांऐवजी जिथे आहोत तिथल्या दिसू लागतात, आणि बरेच दिवस घरून ॲप उघडले नाही तर ठिकाण पुन्हा पटवून द्यावे लागते. शिकायला दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलाला घरचा पासवर्ड दिला की तक्रारी सुरू होतात त्या इथूनच.

रेकॉर्डिंग आता घरातल्या डब्यात (सेट-टॉप बॉक्समध्ये) न राहता कंपनीच्या सर्व्हरवर राहते. याची कायदेशीर वाटही एका खटल्याने मोकळी केली. केबलव्हिजन या केबल कंपनीच्या अशाच सोयीला २००८ मध्ये अपील न्यायालयाने मान्यता दिली, कारण प्रत्येक ग्राहकाची प्रत वेगळी ठेवलेली होती. यूट्यूब टीव्हीवर रेकॉर्डिंगला जागेची मर्यादा नाही, पण नऊ महिन्यांनी ते पुसले जाते. सामना रेकॉर्डला लावताना त्यापुढचा कार्यक्रमही लावून ठेवावा. जादा वेळ खेळवला गेला तर काही सेवा रेकॉर्डिंग आपोआप लांबवतात, पण सगळ्याच नाहीत, आणि शेवटची पाच मिनिटे कापली गेली तर आधीचे तीन तास फुकट.

पैसे वाचतात का, याचे उत्तर दरपत्रकात सापडत नाही. डब्याचे भाडे आणि दोन वर्षांचा करार जातो हे खरे, पण बऱ्याच घरांत इंटरनेट पुरवणारी कंपनी केबलचीच असते आणि टीव्ही काढला की नुसत्या इंटरनेटचा दर चढतो. दोन्ही बिलांची बेरीज आधीच्या बिलाशेजारी ठेवल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. देशाचे नियमही बघावेत. ब्रिटनमध्ये थेट वाहिनी कोणत्याही ॲपवर पाहिली तरी टीव्हीचा परवाना लागतोच.

खरी बचत होते ती हवी तेव्हा सेवा बंद करता येते म्हणून. हंगाम सुरू झाला की घ्यावी, संपला की सोडावी. स्लिंगने तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये ४.९९ डॉलरचा एका दिवसाचा पास काढला आणि डिस्नेने त्यावरून तिला न्यायालयात खेचले. सेवा सोडताना ॲप काढून टाकणे पुरेसे नसते. खात्यात जाऊन वर्गणी रद्द करावी लागते, आणि ती टीव्हीच्या किंवा फोनच्या स्टोअरमधून घेतली असेल तर तिथूनच. पूर्ण रद्द करण्याऐवजी काही सेवा काही आठवडे किंवा महिने स्थगित ठेवू देतात. त्या मुदतीत पैसे कापले जात नाहीत. जुनी रेकॉर्डिंग मात्र आपल्या ठरलेल्या दिवशी पुसली जातातच.