पार्श्वभूमी : टीव्हीमागचा छोटा संगणक आणि कोडी, प्लेक्स, जेलिफिनची पूर्वपीठिका

ठाणे-नवी मुंबईच्या बहुतेक घरांत कपाटात एखादी जुनी हार्ड डिस्क सापडते. लग्नाच्या डीव्हीडीची नक्कल, बारशाचं हँडीकॅमवरचं शूटिंग, गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात पाहिलेली आणि नंतर व्हीसीडीवर आलेली नाटकं असा ऐवज त्यात असतो. यातलं बरंचसं कुठल्याच ओटीटीवर मिळणार नाही. ते टीव्हीवर लावण्यासाठी स्वस्तातला छोटा संगणक घ्यायचं ठरलं की प्रश्न येतो सॉफ्टवेअरचा. कोडी, लिब्रेइलेक, ओएसएमसी, प्लेक्स, एम्बी, जेलिफिन यांचे तुलनातक्ते भरपूर आहेत, पण तक्त्यात सगळ्यांपुढे सारख्याच बरोबरच्या खुणा दिसतात. कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रासाठी जन्माला आलं ते पाहिलं की निवड बरीच सोपी होते, कारण त्या यंत्राच्या मर्यादा आजही त्याच्या स्वभावात उतरलेल्या आहेत.

सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सपासून करावी लागते. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत आलेल्या या गेमिंग कन्सोलमध्ये पेंटियम ३ घराण्यातला ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम आणि ८ जीबी हार्ड डिस्क होती. थोडक्यात, थेट टीव्हीला लागणारा स्वस्त पीसीच. २००२ मध्ये हौशी प्रोग्रामरांनी त्यावर एक्सबॉक्स मीडिया प्लेअर चालवून दाखवला आणि जून २००४ मध्ये एक्सबॉक्स मीडिया सेंटरची (थोडक्यात एक्सबीएमसी, आजच्या कोडीचं मूळ नाव) १.० आवृत्ती आली. हे सगळं मायक्रोसॉफ्टच्या परवानगीशिवाय चाललं होतं. प्रोग्राम तयार करायला कंपनीचं डेव्हलपमेंट किट लागे, त्यामुळे अधिकृत टीम फक्त सोर्स कोड देई. तयार फाइल लोक इकडून-तिकडून मिळवत.

त्या ६४ एमबीत यादी, प्लेअर, पोस्टर, मेनू सगळं एकाच प्रोग्राममध्ये बसवावं लागलं. माउस नाही, कीबोर्ड नाही. चार बाण, ओके आणि बॅक एवढ्यावर भागवायचं. फाइली घरातल्या दुसऱ्या पीसीच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून थेट वाचायच्या, त्या पीसीवर वेगळं काही बसवायचं नाही. आजचा कोडी हाच आहे. राउटरला लावलेल्या पेनड्राइव्हवरूनही तो सिनेमा वाचतो. पण याच जन्मकथेमुळे प्रत्येक टीव्हीमागचा कोडी आपली यादी स्वतःपाशी ठेवतो. हॉलमध्ये अर्धा पाहिलेला सिनेमा बेडरूममध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मायएसक्यूएल या डेटाबेसवर सामायिक यादी करता येते खरी, पण त्यासाठी सगळ्या खोल्यांत कोडीची एकच आवृत्ती लागते. एका खोलीत अपडेट झालं की दोन्ही खोल्यांच्या याद्या वेगळ्या पडतात. दोन टीव्हींसाठी हा उद्योग करू नये.

त्याच काळात मायक्रोसॉफ्टनं स्वतः विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली होती आणि लिनक्सवर मिथटीव्ही आलं होतं. दोन्हींचा भर टीव्ही ट्यूनर कार्डानं कार्यक्रम रेकॉर्ड करण्यावर होता. आपल्याकडे त्याला फार आयुष्य मिळालं नाही. नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत आणि मग आसपासच्या शहरांत केबल डिजिटल झाली, वाहिन्या सेट-टॉप बॉक्सच्या कुलपात गेल्या आणि पीसीतली ट्यूनर कार्डं निकामी झाली. विंडोज मीडिया सेंटर २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर बंद झालं. तेव्हा आज कुणी रेकॉर्डिंगच्या सोयीवरून सॉफ्टवेअर निवडायला सांगत असेल तर तो मुद्दा आपल्या घरासाठी बाजूला ठेवावा.

हाय डेफिनिशन व्हिडिओ आला तसा एक्सबॉक्स मागे पडला. नोव्हेंबर २००८ ची एक्सबीएमसी ८.१० ही आवृत्ती विंडोज, लिनक्स आणि मॅकवरही चालणारी होती. पुढच्याच वर्षी एनव्हिडियाच्या आयॉन चिपसह ॲटम प्रोसेसरचे छोटे पीसी आले. ॲटमला एकट्याला १०८० ओळींचा एच.२६४ (एचडी व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) व्हिडिओ झेपत नसे. आयॉनमधला डीकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग, तेच काम प्रोसेसरला फारसा ताण न देता करी. छोट्या संगणकाचा खरा नियम इथे पक्का झाला: प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा हे दुय्यम, चिपमध्ये कोणत्या फॉरमॅटचा डीकोडर आहे आणि सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलू शकतं का, हे आधी पाहायचं.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी आलेला रास्पबेरी पाय (थोडक्यात पाय), म्हणजे एका बोर्डावर मावणारा छोटा संगणक, हे याचं टोकाचं उदाहरण. ३५ डॉलरच्या त्या बोर्डात ७०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती, पण चिप ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५. हीच चिप २०११ च्या रोकू २ या टीव्ही बॉक्समध्येही होती. म्हणून गंमत अशी व्हायची की पूर्ण एचडी सिनेमा लोण्यासारखा चालायचा आणि मेनू मात्र एकेका बाणाला दम खायचा. सिनेमा व्हिडिओ-डीकोडर खेचायचा, मेनू आणि पोस्टरं बिचाऱ्या एआरएमच्या वाट्याला.

त्यात आणखी एक मेख होती. डीव्हीडीचा व्हिडिओ एमपीईजी-२ फॉरमॅटमध्ये असतो, आणि किंमत खाली ठेवण्यासाठी बोर्डाच्या किमतीत त्याचा परवाना धरलेला नव्हता. लग्नाची डीव्हीडी लावली की सनईचे सूर ऐकू येत, पडदा काळा. ऑगस्ट २०१२ पासून २ पौंड ४० पेन्सला हा परवाना वेगळा मिळू लागला. आपल्या बोर्डाचा सीरियल नंबर कळवायचा, त्या नंबरापुरतीच चालणारी किल्ली येई, ती कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये एका ओळीत लिहायची. बोर्ड बदलला की किल्ली बाद. आजच्या पायमध्ये प्रोसेसरच हे काम सहज करतो, पण ओएलएक्सवर मिळणारा जुना बोर्ड घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

एक्सबीएमसीनं पायला अधिकृत आधार जानेवारी २०१३ च्या १२ व्या आवृत्तीत दिला. २०१४ मध्ये नाव बदलून कोडी झालं. एवढ्याशा बोर्डावर पूर्ण लिनक्स आणि वर कोडी हे ओझं जड होतं, म्हणून फक्त कोडी चालवण्यापुरतं लिनक्स देणाऱ्या प्रणाली पुढे आल्या: ओपनइलेक, रास्पबीएमसी, आणि रास्पबीएमसीची पुढची पिढी ओएसएमसी. ओपनइलेकच्या टीममध्ये फूट पडून मार्च २०१६ मध्ये लिब्रेइलेक निघालं, आणि टिकलं तेच. लिब्रेइलेकची मुख्य प्रणाली एका दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते आणि तुमच्या सेटिंग्ज वेगळ्या विभागात. ओएसएमसी डेबियन या पूर्ण लिनक्सवर बेतलेलं असल्यानं त्यावर इतर प्रोग्रामही बसवता येतात. वीज अचानक जाण्याची सवय असलेल्या भागात लिब्रेइलेकची रचना जास्त उपयोगी. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर बहुधा सेटिंग्ज किंवा यादी बिघडते, प्रणाली सहसा शाबूत राहते. तरी सेटिंग्जमधला बॅकअप पेनड्राइव्हवर काढून ठेवावाच.

दुसरी शाखा इथूनच फुटली. २००८ मध्ये एक्सबीएमसीच्या मॅक आवृत्तीवरून प्लेक्स निघालं. त्यांनी कामाची वाटणीच बदलली: यादी, पोस्टर, कोण कुठवर पाहतंय याचा हिशोब सगळा एका सर्व्हरवर, म्हणजे फाइली पुरवणाऱ्या एका संगणकावर, आणि टीव्हीवर किंवा फोनवर फक्त हलकं ॲप. समोरच्या उपकरणाला फॉरमॅट झेपला नाही तर सर्व्हर तो जागेवर बदलून देतो, म्हणजे ट्रान्सकोडिंग. एम्बी याच वाटेनं आलं. त्यांनी सोर्स कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून जेलिफिन वेगळं झालं. जेलिफिन पूर्ण फुकट आणि खुलं आहे. प्लेक्सनं एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपल्याच सर्व्हरवरचा व्हिडिओ पाहायला पैसे लावले, तेव्हापासून नव्यानं सुरुवात करणाऱ्याला प्लेक्स सुचवण्याचं कारण फारसं उरलेलं नाही.

सर्व्हर आला की यंत्राची गरज बदलते, आणि चूक नेमकी इथे होते. पाय ४ वर जेलिफिन बसतं, चालतंही, पण ट्रान्सकोडिंगची वेळ आली की चित्र दर पाच-दहा सेकंदांनी अडकतं. त्यासाठी इंटेलची चिप घ्यावी. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिसांतून निघालेले पुस्तकाएवढे जुने डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात येतात. त्यात सहाव्या पिढीचा आय५-६५००टी आणि सातव्या पिढीचा आय५-७५००टी दिसायला सारखेच, पण १०-बिट एचईव्हीसी (एच.२६४ च्या पुढची पद्धत) व्हिडिओसाठी लागणारा पूर्ण डीकोडर सातव्या पिढीपासून आहे. नवीनच घ्यायचा तर २०२३ मधला इंटेल एन१०० बरा. ठरीव वीजमर्यादा ६ वॉट, आणि एव्ही१ फॉरमॅटही हार्डवेअरमध्ये उलगडतो. लिनक्सवर जेलिफिन बसवल्यावर ट्रान्सकोडिंग सुरूच होत नसेल तर बऱ्याचदा जेलिफिनचा यूझर रेंडर ग्रुपमध्ये घातलेला नसतो, म्हणून त्याला ग्राफिक्स चिपला हात लावता येत नाही. ब्ल्यू-रेवरून आलेली चित्ररूप सबटायटल्सही ट्रान्सकोडिंग ओढवून आणतात. साधी टेक्स्ट सबटायटल्स ठेवली तर बऱ्याचदा ती वेळच येत नाही.

पायच्या पिढ्यांतही नवीन म्हणजे सगळ्यात चांगलं असं नाही. २०१९ च्या पाय ४ मध्ये एच.२६४ चा १०८० पर्यंतचा आणि एचईव्हीसीचा ४के पर्यंतचा असे दोन्ही डीकोडर आहेत. २०२३ च्या पाय ५ मधून एच.२६४ चा काढून टाकला, ते काम आता प्रोसेसर करतो. जमतं त्याला, पण उष्णता वाढते. एका टीव्हीपुरतं पाहायचं तर २ जीबीचा पाय ४ आणि लिब्रेइलेक हीच आमची पहिली शिफारस. १६ जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड पुरतं. एचडीएमआय केबल यूएसबी-सीच्या शेजारच्या पोर्टात लावायची. टीव्हीच्या मेनूत सीईसी (एचडीएमआय केबलमधून रिमोटच्या आज्ञा पोचवणारी सोय) चालू करायचं, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटवर कोडी चालतो. सॅमसंगमध्ये ते ॲनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक नावानं सापडेल. मग कोडीच्या प्लेअर सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट जुळवण्याचा पर्याय सुरू करायचा. हँडीकॅम आणि व्हीसीडी आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रांचे. टीव्ही ६० हर्ट्झवर राहिला तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र ठेचकाळतं, ५० वर गेला की सरळ होतं.

पॉवरची गल्लत सर्वांत नेहमीची. मोबाइलचा चार्जर आणि लांब बारीक केबल लावली की बोर्डापर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, केबल जोडलेला ॲडॉप्टर घ्यावा. त्याच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतो, त्यामुळे दोन हार्ड डिस्क लावायच्या तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब हवा. बोर्ड शोकेसच्या बंद खणात ठेवू नये. ८० अंशांना तो स्वतःहून वेग कमी करतो आणि मे महिन्यात बंद खणात तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

वायफायचं गणित इमारतीवर. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींत विटांच्या भिंती आहेत. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत मायवान पद्धतीच्या, म्हणजे आतल्या भिंतीही सळई-काँक्रीटच्या, आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यातून दोन खोल्या नीट ओलांडत नाही. ब्ल्यू-रेच्या मूळ प्रतीला सेकंदाला २५ ते ४० मेगाबिट लागतात. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी नसेल तर लॅन केबल ओढून घ्यावी.

मराठी संग्रहाची अडचण वेगळीच. कोडी असो वा जेलिफिन, पोस्टर आणि माहिती इंटरनेटवरच्या सिनेमांच्या यादीतून येते. नाटकं तिथे बहुधा नसतात, मग तिसऱ्याच सिनेमाचं पोस्टर चिकटतं. व्हीसीडीतला एमपीईजीएव्ही फोल्डर उघडला की आत डॅट एक्स्टेन्शनची फाइल असते. कोडी ती तशीच वाजवतो, बदलायची गरज नाही. प्रत्येक नाटकाला वेगळं फोल्डर करावं, दोन सीडींच्या फाइलींच्या नावाशेवटी रोमन अक्षरांत सीडी१, सीडी२ लावावं, म्हणजे दोन्ही सलग एकच फाइल म्हणून चालतात. फोल्डरमध्ये काय आहे ते कोडीला सांगताना (सेट कंटेंट) माहितीचा स्रोत म्हणून फक्त स्थानिक माहिती निवडावी, आणि त्याच फोल्डरात एनएफओ एक्स्टेन्शनच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नाव, वर्ष, कलाकार लिहावेत. नावं देवनागरीत दिली तर चालतात, पण कोडीच्या स्किन सेटिंगमध्ये फॉन्ट एरियलवर बेतलेला निवडावा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटत आणि पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसे. अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षरं जुळवणारा हार्फबझ हा प्रोग्राम आल्यापासून ती नीट जुळतात. मराठी सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवलेली हवी, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हंच.

ओटीटीसाठी मात्र या संगणकाचा आग्रह धरू नये. २०१९ च्या १८ व्या आवृत्तीपासून कोडी कुलूपबंद व्हिडिओ उलगडू शकतो, पण पायवर वाइडवाइन या गूगलच्या कुलूपपद्धतीचा सर्वांत खालचा, एल३ स्तर मिळतो. बहुतेक सेवा त्या स्तरावर चित्राचा दर्जा कमी ठेवतात आणि ४के देतच नाहीत. शिवाय ॲड-ऑन, म्हणजे कोडीला जोडायचे छोटे प्रोग्राम, कधीही बंद पडतात. २०२१ च्या १९ व्या आवृत्तीनं पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ३ री पिढी सक्तीची केली तेव्हा शेकडो जुनी ॲड-ऑन एका रात्रीत निकामी झाली होती. टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात एखादी स्ट्रीमिंग स्टिक लावावी, आणि 'सगळं फुकट' म्हणून आधीच ॲड-ऑन भरून विकले जाणारे अँड्रॉइड बॉक्स घेऊच नयेत. कोडीच्या टीमचा त्यांच्याशी काही संबंध नाही, आणि चोरीच्या लिंक तुटल्या की दुकानदाराचाही राहत नाही.