पोटातला बोळा आणि सिस्टरांची मोजणी

रुग्णाच्या पोटात कापसाचा बोळा राहिल्याची बातमी आली, की कोल्हापुरात दोन दिवस दुसरा विषय नसतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या चौकातल्या चहाच्या गाड्यावर निकालही लागलेला असतो : डॉक्टर विसरला. खरं तर राहतो तो बहुधा बोळा नसतोच. गॉजची, म्हणजे जाळीदार सुती कापडाची, घडी असते, नाहीतर मॉप, म्हणजे अनेक पदरी शिवलेला चौकोनी कपडा. रक्तात भिजला की आतड्याच्या वळशांमध्ये तो वेगळा ओळखूही येत नाही. आणि ‘विसरला’ या शब्दात अर्धीच गोष्ट येते. अशा कितीतरी शस्त्रक्रियांच्या कागदांवर त्या दिवशी ‘काउंट बरोबर’, म्हणजे वापरलेल्या कापडांची मोजणी जुळली, असंच लिहिलेलं सापडतं.

पोट उघडून ऑपरेशन करणं ही गोष्ट मुळात फार जुनी नाही. १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये ब्रिटिश सर्जन लिस्टरनं कार्बोलिक ॲसिडनं जंतूंचा बंदोबस्त दाखवला, आणि मग शल्यचिकित्सकांना पोटात हात घालायचं धाडस होऊ लागलं. रक्त टिपायला तेव्हा समुद्रातले खरेखुरे स्पंज असत. धुऊन पुन्हा वापरायचे. पुढे कापसाची जाळीदार पट्टी आली, तरी नाव तेच राहिलं. कापडाच्या घड्या मोजण्याला थिएटरमध्ये अजून ‘स्पंज काउंट’ म्हणतात ते यामुळे. पोटात स्पंज राहिल्याची पहिली नोंद १८८४ सालची, विल्सन यांच्या नावावर सांगितली जाते. म्हणजे पोटाची ऑपरेशनं वाढली आणि ही चूकही लगेच मागोमाग आली.

आपल्याकडे १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी मिरजेत दवाखाना उभारला. आजचं सीपीआर तेव्हा आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. नवी शस्त्रक्रिया या भागात रुजली ती याच काळात.

आत राहिलेल्या कापडाला डॉक्टरांनी नावही दिलं आहे : गॉसिपिबोमा. ‘गॉसिपियम’ म्हणजे लॅटिनमध्ये कापूस आणि ‘बोमा’ म्हणजे स्वाहिलीत लपायची जागा. कापूस शरीरात विरघळत नाही. कधी त्याभोवती पू होतो आणि रुग्ण महिन्याभरात तापानं फणफणत परत येतो. कधी शरीर त्याच्याभोवती जाड वेष्टण बांधून गप्प बसतं. मग कित्येक वर्षांनी गाठ हाताला लागते आणि कॅन्सरच्या शंकेनं पोट पुन्हा उघडलं जातं. लोखंडी चिमटा एक्स-रेत लगेच दिसतो, कापूस दिसत नाही. म्हणून विसाव्या शतकात गॉजमध्ये बेरियम सल्फेटचा धागा विणायला सुरुवात झाली. तो एक्स-रेवर पांढऱ्या वळवळत्या रेघेसारखा दिसतो. पण एक्स-रे काढायचा कधी? काउंट चुकला असं कुणी म्हणेल तेव्हा.

माझी आत्या शहरातल्या एका रुग्णालयात थिएटर सिस्टर होती. तिच्या वेळी गॉज तयार पाकिटात येत नसे. रुग्णालयात काम करणाऱ्या मावशी दुपारी गॉजचं थान घेऊन बसायच्या. कापायचं, कडा आत दुमडून घड्या घालायच्या, पाच-पाचाचा गठ्ठा दोऱ्यानं बांधायचा, ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायला, पाठवायचा. गप्पांच्या नादात एखाद्या गठ्ठ्यात सहा जायच्या, एखाद्यात चार. म्हणून आत्याचा नियम होता : गठ्ठा सुटला की आधी मोठ्यानं मोजायचा, आणि कमी-जास्त निघाला तर अख्खा गठ्ठा थिएटरबाहेर. पोट बंद होऊन शेवटचा काउंट जुळेपर्यंत कचऱ्याची बादली दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. मॉपच्या कोपऱ्याला शिवलेली नाडी पोटाबाहेर काढून तिला आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे शस्त्रक्रियेतला चिमटा, लावून ठेवायचा.

एकदा रात्रीच्या इमर्जन्सीत ती म्हणाली, “एक बारकं कमी हाय, सर. थांबा.” सर, म्हणजे सर्जन, घामाघूम, भूल देणारे डॉक्टर वैतागलेले. वीस मिनिटं शोधाशोध झाली. गॉज सापडलं वॉर्डबॉय मामांच्या चपलेच्या तळाला चिकटलेलं. सर बोलले काहीच नाहीत. आत्याला मात्र ते न बोलणं महिनाभर टोचलं.

अशा वेळी ‘थांबा’ म्हणणं का अवघड असतं, ते आकड्यांतही दिसतं. अतुल गावंडे हे बॉस्टनचे सर्जन. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गावंडे आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या विमा कंपनीच्या दाव्यांच्या फायली तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. ५४ रुग्णांच्या शरीरात ६१ वस्तू राहिल्या होत्या, त्यांतल्या ६९ टक्के गॉज-मॉप आणि बाकीची हत्यारं. तातडीच्या ऑपरेशनमध्ये धोका जवळपास नऊपट, ऐनवेळी ऑपरेशनचा बेत बदलला तर चौपट. आणि खरी मेख अशी, की जिथं मोजणी झाली होती तिथंही ८८ टक्के वेळा ती बरोबर आहे असंच समजलं गेलं होतं. मोजायचं राहिलं म्हणून नव्हे, मोजूनही चूक होत होती.

पुढे गावंडे यांच्याच पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया तपासणी यादी आणली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आलं. रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी सिस्टरनं काउंट तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा, हा त्यातलाच एक मुद्दा. गेल्या काही वर्षांत बारकोडचे आणि चिप लावलेले मॉपही निघाले आहेत. रुग्णावरून यंत्र फिरवलं की आत राहिलेली चिप ओळखू येते. आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होमच्या खर्चात ते बसणं अवघड आहे.

कायद्याची वाट मात्र लांबलचक आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये बाळंतपणानंतर नसबंदी झालेल्या एका बाईंच्या पोटात मॉप राहिला आणि त्या दगावल्या. खालच्या कोर्टानं ३६ हजार रुपये भरपाई दिली, हायकोर्टानं सरकारला जबाबदारीतून मोकळं केलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं ती जबाबदारी पुन्हा सरकारवर टाकली १९९६ मध्ये. तेहतीस वर्षं. मॉप आत राहणं हाच हलगर्जीपणाचा पुरावा, वेगळं सिद्ध करायला नको, हे तत्त्व त्या निकालानं ठसवलं. त्याच्या आदल्याच वर्षी पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली होती. त्यामुळे दिवाणी कोर्टाऐवजी ग्राहक मंचाचा रस्ता खुला झाला.

त्या रस्त्यावर दोन वर्षांच्या मुदतीची अट आहे. पोटात काय आहे हेच जिला माहीत नाही तिची मुदत कधीपासून मोजायची? हा प्रश्न २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९९३ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन, नऊ वर्षं दुखणं, २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनात गॉज निघालं. चूक उघड झाल्याच्या दिवसापासून मुदत धरता येते, या तत्त्वाची कोर्टानं दखल घेतली. पण तक्रारदार स्वतः अनुभवी परिचारिका होती. एवढं दुखत असताना तिनं त्या सर्जनकडे वेळीच चौकशी करायला हवी होती, असं म्हणून तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली.