एन्कोडरमधला ६४ आकड्यांचा तक्ता: क्वांटायझेशन मॅट्रिक्सची पार्श्वभूमी

गोव्यातल्या पेडणे, डिचोली भागातल्या दशावतारी काल्यांची, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यांची, आणि जत्रांची जुनी चित्रणं आता कपाटांतून निघून संगणकावर उतरू लागली आहेत. त्यांतली बरीचशी व्हीसीडीवर, म्हणजे व्हिडिओ सीडीच्या चकत्यांवर आहेत. लावून पाहिली की राजाच्या भरजरी अंगरख्यावरची नक्षी पुसल्यासारखी दिसते आणि मागचा काळा पडदा चौकोनी ठोकळ्यांनी भरून जातो. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. कॅमेरा साधा असेलही, पण हे चौकोन त्याचे नाहीत. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून फाइल लहान करणारी प्रणाली, काम करत असताना त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ८ बाय ८ चा एक तक्ता ठरवतो. क्वांटायझेशन मॅट्रिक्स म्हणतात ती हीच. कोणती मॅट्रिक्स चांगली, हा वाद बरीच वर्षं रंगला, आणि तो समजायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांच्यापासून करावी लागेल. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवताना त्यांनी १९७२ मध्ये एका नव्या गणिती रूपांतरासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवरचा शोधनिबंध छापून आला. आज प्रत्येक फोनमधल्या फोटोमागे हे काम आहे. आपल्याकडच्या शाळांतून हे नाव सांगितलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे रूपांतर, म्हणजे डीसीटी, स्वतः काहीच टाकत नाही. ८ बाय ८ पिक्सेलचा तुकडा घेऊन ते त्याचे ६४ नवे आकडे करतं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात तुकड्याचा सरासरी उजेड येतो. उजवीकडे आणि खाली सरकत जावं तसा अधिकाधिक बारीक तपशील येतो: जरीची वीण, धोतराच्या चुण्या, माडाच्या झावळ्यांची पाती. खरी काटछाट पुढच्या पायरीला होते. प्रत्येक आकड्याला तक्त्यातल्या त्याच जागेच्या आकड्याने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवायचं.

फोटो साठवण्याच्या १९९२ च्या जेपेग मानकात नमुन्यादाखल दिलेल्या तक्त्याची पहिली ओळ अशी आहे: १६, ११, १०, १६, २४, ४०, ५१, ६१. समजा, उभ्या बारीक रेषांचा सगळ्यात उजवीकडचा आकडा ३० आला. ३० भागिले ६१ म्हणजे अर्ध्याहून कमी, म्हणजे शून्य. रेष गेली, ती परत येत नाही. त्याच जागी ६१ ऐवजी १६ असता तर उत्तर दोनाच्या जवळ आलं असतं आणि उघडताना परत १६ ने गुणून ३२ मिळाले असते. मूळ ३० च्या अगदी शेजारी.

६१ हा आकडा माणसांच्या नजरेवरच्या प्रयोगांतून आला. फार बारीक तपशिलातला फरक डोळ्याला कमी जाणवतो, म्हणून तिथे भाजक मोठा ठेवायचा, असा हिशेब. पण ते प्रयोग ठरावीक पडद्यावर, ठरावीक अंतरावरून आणि त्या काळच्या ७२० बाय ५७६ सारख्या चित्रांवर झाले. हा तक्ता फक्त उदाहरण आहे, बंधनकारक नाही, असं मानकातच लिहिलेलं आहे. तरी पुढे जगभर तोच वापरला गेला.

व्हिडिओत ही कल्पना १९९३ च्या एमपेग-१ या मानकाने आणली. पूर्ण फ्रेमसाठीचा त्याचा तक्ता ८, १६, १९, २२ असा सुरू होऊन खालच्या कोपऱ्यात ८३ वर संपतो. मधल्या फ्रेममध्ये मात्र आधीच्या चित्रापासूनचा फरक तेवढा साठवायचा असतो. तो फरक म्हणजे चित्र नव्हे, त्याला नजरेचा नियम तसाच लागू होत नाही, म्हणून तिथे सगळीकडे सपाट १६. हा निर्णय मला फार समंजस वाटतो. त्यावर अख्ख्या तक्त्याला गुणणारी एक मोजपट्टी असते, जागा कमी पडली की ती वाढते.

व्हीसीडीला जागा कायमच कमी पडे. ३५२ बाय २८८ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे कच्चा माल सेकंदाला सुमारे ३० मेगाबिट. तो १.१५ मेगाबिटमध्ये बसवायचा, म्हणजे जवळजवळ २६ पट दाबायचा. गोव्यात एके काळी तियात्र (कोकणी रंगभूमीचा एक प्रकार) आणि नाटकं याच चकत्यांवरून घरोघरी पोचली. उजेडात उभ्या नटाचे हाल जरा कमी होतात. पण काळोख्या पडद्यावरच्या छटांतला फरक मुळातच इवलासा, त्यामुळे भागाकारात तो शून्य होतो आणि तुकड्याची फक्त सरासरी उरते. ते चौकोन म्हणजे हेच. शिगम्यात हवेत उडालेला गुलाल आणि आडवा-तिडवा कोसळणारा पाऊस यांचं उलट: त्यांत प्रत्येक फ्रेम नवी, बारीक तपशीलच सगळा, आणि मोजपट्टी ताणली जाऊन अख्खं चित्र मऊ पडतं.

वादाला खरं तोंड फुटलं ते एमपेग-४ च्या काळात. १९९९ च्या त्या मानकात एच.२६३ या आधीच्या व्हिडिओ मानकाच्या पद्धतीचं, सगळ्यांना एकाच आकड्याने सरसकट भागणं आणि एमपेगचा तक्ता असे दोन्ही मार्ग होते. त्यातला तक्ता आधीच्यापेक्षा सौम्य, शेवटचा आकडा ४५. शिवाय एक्सव्हिडसारख्या मोफत एन्कोडरमध्ये स्वतःचे ६४ आकडे भरता येत. हौशी मंडळींनी तक्ते बनवले, एकमेकांचे तपासले, कमी बिटरेटसाठी (सेकंदाला कमी बिट) एक, धारदार चित्रासाठी दुसरा अशी वाटणी केली.

तुलनेत गोंधळ झाला तो मापामुळे. पीएसएनआर हे जुनं माप चुकांचा वर्ग काढून सरासरी धरतं, चूक डोळ्याला दिसते की नाही हे विचारत नाही. त्यामुळे त्याच्या लेखी सपाट तक्ताच बहुधा जिंकतो, आणि नजरेसाठी आकारलेला तक्ता मागे पडतो. २००४ मध्ये एसएसआयएम आणि २०१६ मध्ये नेटफ्लिक्सचं व्हीमॅफ आलं, ती मापं माणसाच्या पसंतीच्या बरीच जवळ जातात. तरी डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही, आणि पाहायचं ते फाइलचा आकार सारखा ठेवून, चित्र चालू असताना. थांबवलेल्या फ्रेमवर धारदार तक्ता नेहमी सरस वाटतो, त्याची थरथर चालत्या चित्रातच कळते.

त्यानंतरचं एच.२६४ हे व्हिडिओ मानक २००३ चं, पण त्यात तक्ते आले ते २००४ मध्ये भर घातलेल्या हाय प्रोफाइल या भागाबरोबर. पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव पहिल्यांदा भरला तेच वर्ष. गंमत अशी की एक्स२६४ या लोकप्रिय एन्कोडरने मूळ निवड सपाट १६ चीच ठेवली. पुढे त्यात अॅडॅप्टिव्ह क्वांटायझेशन आलं, म्हणजे चित्राच्या कोणत्या भागाला किती बिट द्यायचे हे जागेवरच ठरू लागलं. सपाट, काळोख्या भागांना जास्त वाटा मिळाला आणि तक्त्यांची चर्चा ओसरली. माझ्या मते रात्रीच्या काल्यासाठी कोणत्याही हौशी तक्त्यापेक्षा ही सोय मोठी. त्यापुढच्या मानकांत, २०१३ च्या एचईव्हीसीत आणि २०१८ च्या एव्ही१ मध्येही तक्ते आहेत, वापरणं ऐच्छिक आहे.

जुनी चित्रणं उतरवणाऱ्यांसाठी यातून एक गोष्ट लगेच लागू होते. व्हीसीडीवरून नवी फाइल करताना एकदा भागलेले आकडे पुन्हा वेगळ्या तक्त्याने भागले जातात, आणि तोटा वाढतो. म्हणून चकतीवरची मूळ एमपेग फाइल आहे तशी कॉपी करून ठेवावी. मूळ मिनीडीव्ही टेप, म्हणजे कॅमेऱ्यातली लहान डिजिटल टेप, सापडली तर फारच उत्तम. तिच्यावरच्या डीव्ही पद्धतीतही डीसीटी आणि भागाकार आहेच, पण सेकंदाला २५ मेगाबिट, आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. फायरवायर केबलने संगणकावर उतरवली की टेपवरचं जसंच्या तसं मिळतं, तासाला साधारण १३ जीबी. आपल्या दमट हवेत टेपांना बुरशी धरते, तेव्हा हे काम पावसाळ्याआधी केलेलं बरं. यूट्यूबसाठीची प्रत त्यावरून नंतर कधीही काढता येते.